पंचेचाळीसचा भोकाचा पैसा

बायकोने आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शेजाऱ्याच्या आईसाठी नाणं निवडणं.

हा शेजारी पन्नाशीचा, आंब्याची कलमं सांभाळणारा, पण विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही. बांगडे घेऊ की तारले, हेसुद्धा तीन घरी विचारतो. आईच्या वाढदिवसाला तिच्या जन्मसालाचं नाणं द्यायचं त्याच्या डोक्यात आलं. बाजारातून भोकाचे दोन जुने पैसे आणून त्याने आमच्या पडवीत मांडले. एक पंचेचाळीसचा, एक सत्तेचाळीसचा.

"काकी, आवशीचा साल खयचा?"

त्याच्या म्हाताऱ्या आईचं साल कुठे लिहिलेलं नाही. माझी बायको सेहेचाळीसची. मोठी कोण यावर दोघी जन्मभर भांडल्या, कारण मोठेपण दोघींनाही नको होतं.

"पंचेचाळीस दी रे. माझ्यापेक्षा वर्षान मोठी आसा ती," बायको म्हणाली. मी मान डोलावली. तिच्याविरुद्ध बोलायची माझी छाती नव्हती.

वाढदिवसाला हातात येताच म्हातारीने पैसा अंगणात भिरकावला. "माका म्हातारी करतस?" हा संध्याकाळपर्यंत माडाखाली शोधत बसला. सापडल्यावर मला विचारतो, "काका, आता खंय ठेवू?"

दुसऱ्याच दिवशी दुपारी बायको बसल्या जागी गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची चूल पेटली नव्हती. सकाळीच शेजारी चहाची किटली घेऊन आला.

"आवशीन पैसो गळ्यात बांधल्यान. म्हणता, मोठी मीच, माझो नंबर आधी होतो."

मग त्याने चहात दोन चमचे साखर घातली आणि कप माझ्या हातात दिला. विचारलं नाही.