आपा ताईफला पोचल्या

हातमोजे चढवताना आपा एकेक बोट ओढून नीट बसवायच्या आणि म्हणायच्या, "घाई कोणाला आहे?" समोर सर्जन घड्याळ बघत असला तरी. मूळच्या श्रीवर्धनच्या. रियाधच्या आमच्या हॉस्पिटलात पंचवीसेक वर्षं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या, आणि मी तिथली यंत्रं दुरुस्त करणारा.

त्यातली बहुतेक वर्षं त्या हॉस्पिटलच्या बसने आल्या-गेल्या. बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा वाटलं, आपा छोटी कार घेतील. आपांनी पन्नाशी उलटल्यावर मोटरसायकल शिकून घेतली. "कार काय, म्हातारपणीही चालवीन," म्हणाल्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालू नये.

कायमचं गावी जायला महिना उरला, तेव्हा त्यांनी हट्ट धरला. एकदा डोंगरावरच्या ताईफ शहरापर्यंत स्वतःच्या बाईकवर जायचं. आमच्या हौशी बाईकस्वारांच्या गटाचे म्होरके हाडांचे डॉक्टर, नागपूरचे. त्यांनी अट घातली. "आपा, कुठे अडलात तर बाईक पिकअपमध्ये आणि तुम्ही पुढच्या सीटवर." पिकअप मी चालवणार होतो. खरं सांगतो, दोर मी दोनदा तपासून घेतले.

दोन दिवस आपा कुठेच अडल्या नाहीत. माळ चढत गेला, वारा गार झाला. ताईफच्या अलीकडे भरदुपारी आभाळ काळं झालं. आधी धूळ, मग गारा. अर्ध्या तासात सगळं थांबलंही. पुढे रस्ता एका एरवी कोरड्या असणाऱ्या नदीतून जात होता. पाणी जेमतेम घोट्याएवढं. डॉक्टरांनी गिअर टाकला.

आपांनी आपली बाईक रस्त्यात आडवी लावली.

"घाबरलात का आपा? चढवू पिकअपमध्ये?"

"डॉक्टर, पाण्यावरचा फेस बघा, काटक्या बघा. वर डोंगरात अजून पडतोय. आमच्या गावच्या पऱ्याला असाच लोंढा येतो." त्यांनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. डॉक्टर चिडले. मीही मनातल्या मनात दोर सोडायला घेतला होता.

बघता बघता दगड बुडाला. मग आवाज आला. वळणावरून लाल पाणी असं आलं की आम्ही बाइका मागे ढकलत पळालो. अख्खी बाभूळ मुळांसकट समोरून गेली.

पूर ओसरू लागल्यावर आपांनी नवा दगड मांडला. पाणी त्याच्यापासून चांगलं लांब गेलं, तळ दिसू लागला, तरी त्या उठेनात. आता घाई करायची कोणाची हिंमत नव्हती. शेवटी म्हणाल्या, "यल्ला!" आणि सगळ्यांच्या आधी त्याच पार झाल्या. बाकीचे त्यांच्या चाकामागून गेले. डॉक्टरांनी तेवढा स्वतःचा रस्ता काढला आणि खड्ड्यात गेले. इंजिनात पाणी शिरलं. त्यांची बाईक आम्ही पिकअपमध्ये चढवली.

महिनाअखेरीस आपा गावी गेल्या. विमानतळावर मला रडू आलं, लपवायचं कशाला? पण आजही डोळ्यांपुढे येतो तो ताईफचा चढ. आपा सगळ्यांच्या पुढे, आणि मी आनंदाने हॉर्न वाजवतोय. शेजारच्या सीटवरून ओलेचिंब डॉक्टर म्हणाले, "अरे, हॉर्न काय वाजवतोस? आधी त्यांना गाठ तरी!"

नाही गाठता आलं.