तातारावने टीव्ही निवडला

तातारावच्या उजव्या तळहातावर आडवा व्रण आहे. मातीत राबणाऱ्या माणसाच्या हाताला व्रण असतातच, पण हा सुरीचा आहे. आमच्या गोदाकाठच्या गावांत संक्रांतीला कोंबडे झुंजतात, त्यांच्या पायाला बांधतात ती करंगळीएवढी सुरी. तातारावचा हात वर गेला की झुंज संपायची. कोण आधी पडला, म्हणजे हरला, ते तो सांगायचा आणि आम्ही मानायचो.

एका संक्रांतीला पेदिराजूचा काळा आणि भद्रय्याचा तांबडा एकदमच हवेत उडाले, एकदमच मातीत आले. तातारावने तांबड्याच्या बाजूने हात वर केला. पेदिराजू खवळला. "डोळे फुटले का रे तुझे?"

माणसं माणसांवर पडली. तातारावचा धाकटा भाऊ गवर्राजू मधे शिरला आणि कुणीतरी कोंबड्याच्या पायातून सोडलेली सुरी त्याच्या पोटात गेली. तातारावने ती मुठीत धरली, तोवर उशीर झाला होता. गवर्राजू मैदानाकडेच्या पेंढ्यावरच गेला. सुरी कुणाच्या हातात होती, ते आजवर कुणी बोललं नाही.

"पुढच्या खेपेला सगळ्यांना दिसेल असं काहीतरी आणतो," सुतक फिटल्यावर ताताराव म्हणाला. "आणखी कुणी माझ्या हाताने मरायला नको."

भीमवरमच्या दुकानात मी त्याच्यासोबत होतो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने ती झुंज टिपली होती, त्याच्याकडून त्याने ती मागून आणली होती. पडदे ओढलेल्या गार अंधारात तिथल्या तिन्ही टीव्हींवर तो तीच लावत राहिला.

"घरीच बघणार ना, मामा?" दुकानदाराने विचारलं.

"घरीच. जुन्या झुंजी बघायचा नाद आहे." झुंजीच्या मैदानाचं नाव बाहेर काढायचं नाही, ही आमची रीत. पोलीस येतात.

साधा एलसीडी लख्ख होता, पण कोंबडे उडाले की पिसं फरफटायची. "हा कोंबडा आहे की धूर?" ताताराव म्हणाला. दुसरा एलईडी, पाटीसारखा पातळ. बाजूला सरकून बघितलं तर काळा कोंबडा राखेसारखा दिसायचा. "कडेचा माणूस भलतंच बघेल," तो माझ्या कानात म्हणाला, "मग पुन्हा सुऱ्या."

तिसरा प्लाझ्मा. त्याच्यात काळा काळाच होता, कुठूनही बघा. सुरी गळ्यात शिरताना चमकलेली दिसली, रक्ताचा पहिला थेंब सुटलेला दिसला. आणि तांबड्याची मान आधी मातीला लागलेलीही दिसली.

ताताराव फरशीवर खाली बसला. मग म्हणाला, "हाच द्या."

"आडवा ठेवू नका हं, काच जाईल," दुकानदार म्हणाला. आम्ही गोधडीत गुंडाळून, उभा कवटाळून आणला.

संक्रांतीला ऐन दुपारी पुन्हा पेदिराजू आणि भद्रय्याच समोरासमोर. शूटिंगवाला झुंज टिपत होता, ती लगेच टीव्हीवर दिसणार होती. पेदिराजूकडे काळ्यांचंच घराणं, म्हणून याही वेळी काळाच. कोंबडे उडाले, पडले, आणि सगळी गर्दी टीव्हीकडे वळली. उन्हाने काचेत नारळीची झाडं होती, आभाळ होतं, आमचीच तोंडं होती. कोंबडा कुठेच नव्हता.

"मामा, आरसा आणलास की!" पेदिराजू हसला.

दुसरं कुणी हसलं नाही. बाकाचा पाय मोडला गेला आणि भद्रय्याच्या डोक्यात बसला. त्याचा कान फाटून लोंबला. काहीजण मेलेल्या कोंबड्यांच्या पायातल्या सुऱ्या सोडू लागले. तातारावने हात वर केला नाही. त्याने गोधडी टीव्हीवर फेकली, पेदिराजू आणि भद्रय्याच्या मानगुटी धरून त्यांना आत कोंबलं आणि स्वतःही शिरला.

बाहेर आम्ही काठ्या उगारून उभे. आतून तातारावचा आवाज आला. "आधी मागच्या वर्षीची बघ."

गोधडीखाली उजेड हलला.

"म्हणजे... मी जिंकलो होतो?" हा पेदिराजू.

"होय. हात चुकीचा गेला. गवर्राजू त्याच्यातच मेला." मग खाकरून, "आता आजची बघा."

"परत लाव." पुन्हा पेदिराजूच.

"लावतो."

"अजून हळू."

काठ्या एकेक करून खाली आल्या. पेदिराजू बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर भद्रय्याच्या कानाचं रक्त होतं. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हंडीत जातो. त्याने आपला काळा मातीतून उचलला, भद्रय्याच्या हातात ठेवला.

"तिखट जास्त घाल," तो म्हणाला. "म्हातारा होता."

मग तो गोधडीजवळ परत गेला. ताताराव आतच होता, मागच्या वर्षीची पुन्हा लावून.