उशिराची वही

आमच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. हल्लीचे मुख्याध्यापक, जे एके काळी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसत, घरी येऊन म्हणाले, "सर, तुमच्या वेळच्या शिस्तीवर दोन पानं द्या. पालक अजून आठवण काढतात." मी हो म्हटलं. दोन पानं देतो आहे, पण त्यांनी मागितली तशी ही नाहीत.

कर्जत तालुक्यातल्या या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. शेवटची काही वर्षं पर्यवेक्षक होतो. पर्यवेक्षकाचं खरं काम म्हणजे फाटक. प्रार्थनेचा टोल पडला की शिपाई फाटक ओढून घ्यायचा आणि आत मी छडी घेऊन उभा. उशिरा येणारा हात पुढे करूनच आत यायचा. कारण विचारायची माझी पद्धत नव्हती. छडीला कायद्याने बंदी आली तेव्हा मी छडी कपाटात ठेवली आणि मुलांना ओणवं उभं करू लागलो.

जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा ती खुर्ची माझी, हे सगळे धरूनच चालले होते. पत्नीने तर पेढे सांगून ठेवले होते. पण आमच्या संस्थेच्या सगळ्या शाळांची ज्येष्ठता यादी एकच असते, आणि तिच्यात खोपोलीच्या शाळेतल्या एक बाई माझ्या वर निघाल्या. अकरा दिवसांनी. ऐन तरुणपणी बहिणीचं लग्न उरकून मग रुजू होऊ म्हणून मी थांबलो होतो, तेवढ्यात त्या रुजू झाल्या होत्या. पेढे नको म्हणून सांगायला मीच हलवायाकडे गेलो.

बाई आल्या आणि मी त्यांच्यात खोट शोधायला लागलो. अक्षर सुंदर होतं, म्हणून फळ्याकडे बघणं टाळू लागलो. त्या वर्गात शिरल्या की गलका वाढायचा. मी शिरलो की टाचणी पडली तरी ऐकू यायची. या शांततेला मी इतकी वर्षं आदर समजत आलो होतो. पत्नी एकदा हळदीकुंकवाला त्यांना भेटून आली आणि म्हणाली, "अहो, त्या बाई किती मोकळं बोलतात हो! आणि तुमचं कौतुक करत होत्या." मी त्या दिवशी जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

मग बाईंनी ती वही काढली. फाटकाजवळ एक टेबल ठेवलं, त्यावर दोनशे पानी वही. उशिरा येणाऱ्याने नाव, वेळ आणि उशिराचं कारण लिहायचं आणि सरळ वर्गात जायचं. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी मुलांना सांगितलं, "खरं ते लिहा. यातलं माझ्यापाशी राहील." पहिल्याच आठवड्यात त्यांची खोपोलीची गाडी चुकली, तेव्हा त्यांनी स्वतः वहीत लिहिलं, 'आधीची गाडी धरायला हवी होती. चूक माझी.' मुलं ते पान एकमेकांना दाखवत होती.

शाळा सुटली की वही त्यांच्या कपाटात जायची. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. मी संध्याकाळी थांबून ती वही वाचू लागलो. 'चुलत्याच्या लावणीला गेलो होतो. पायाचा चिखल निघत नव्हता.' 'बकरीला पिल्लं झाली. दोन आली, तिसरं येईपर्यंत थांबलो.' वाचताना हसू यायचं, आणि मग आत काहीतरी जळत जायचं. तीस वर्षांत एकाही मुलाने मला त्याच्या बकरीबद्दल सांगितलं नव्हतं.

मी फाटकावर उभं राहणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, "वही आहे ना, माझं काय काम?" साहजिकच उशिरा येणारे वाढले. काही दांडगी मुलं वहीत मनाला येईल ते खरडून नाक्यावर भटकू लागली. बाईंनी मला एकदा विचारलं, "सर, तुम्ही फाटकापाशी नुसते दिसलात तरी पुरे आहे. याल का?" मी म्हटलं, "बघतो." गेलो नाही.

पालकांच्या काळजीत खोटं काही नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. शेलूच्या नव्या इमारतींतून एक आई आली होती. म्हणाली, "सर, आम्ही दोघं सातच्या गाडीने जातो. मुलगी शाळेत आहे या भरवशावर दिवस काढतो. तिच्यावर कुणाचं लक्ष नको का?" मी म्हटलं, "होतं. आता नाही."

शिक्षक-पालक संघाचे उपाध्यक्ष आमच्याच गावचे, मोठे जमीनवाले. ते मला रस्त्यात गाठून म्हणाले, "सर, पोरगं घरातनं धाला निगतं नि शाळंत पोचतं बाराला. मदी काय मुंबई फिरून येतं काय?"

"वहीत कारण लिहिलेलं असेल."

"लिवून कुठं शिस्त येते वो? तुमच्या छडीनं आमी मानसात आलो. ही बघा, करंगळी अजून वाकडी हाय." त्यांनी ती अभिमानाने दाखवली.

इतकं गोड मला कुणी बरेच दिवस बोललं नव्हतं. मी त्यांना तक्रार अर्जाचा मसुदा लिहून दिला. त्यांनी तो आपल्या अक्षरात उतरवून सह्या गोळा केल्या. त्या अर्जावर बोलावलेल्या पालकसभेत पुरावा हवा, म्हणून मी वहीची पाच पानं कर्जत स्टेशनजवळ झेरॉक्स करून आणली. गावातल्या दुकानात गेलो नाही. नावांवर कागदाच्या पट्ट्या लावल्या होत्या. तेवढं केलं की माझ्याकडे दोष येत नाही, असं मला वाटलं.

सभा शनिवारी दुपारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये भरली. उपाध्यक्ष एकेक पान वाचत गेले. बकरीवर सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "तिसरं आलं का नाय रं मग?" बाईही हसल्या. मग चौथं पान आलं. 'बाबांनी आईचा डबा अंगणात ओतला. आईने परत भात लावला. कंपनीची गाडी गेली म्हणून आई रडत होती. मी तिच्याजवळ बसले.'

ते पान मी न वाचता झेरॉक्सला दिलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं. असं कुणी मला कधीच लिहिणार नाही, या रागानेच ते निवडलं होतं.

नावावर पट्टी होती. पण आमच्या गावातून खोपोलीच्या कंपनीत जाणारी बाई तेव्हा एकच होती. मी गावात तीस वर्षं राहून हे विसरलो, की विसरायचं ठरवलं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. हॉलमध्ये माना वळल्या. मुलीचा बाप मागच्या रांगेत होता. तो उठून पुढे आला आणि बाईंना म्हणाला, "माझ्या अंगनातला भात हितं कुनी आनला?"

बाईंनी ती झेरॉक्स हातात घेतली. तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोन किल्ल्या आहेत हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. उपाध्यक्षांनाही पानं कुणी दिली ते माहीत होतं, पण ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, "वही माझ्या ताब्यात होती. जबाबदारी माझी."

पंधरा दिवसांत संस्थेने त्यांना परत खोपोलीला पाठवलं आणि कार्यभार माझ्याकडे आला. मी पहिल्या दिवशी फाटकाजवळचं टेबल उचलायला लावलं. ती मुलगी सभेनंतरच्या सोमवारपासूनच आली नव्हती. तिच्या घरी मी गेलो नाही. पुढे सतत गैरहजर म्हणून तिचं नाव पटावरून कमी केलं, त्यावर सही माझी आहे. पालक खूश होते. फाटकावर पुन्हा शांतता होती. निरोप समारंभात उपाध्यक्षांनी मला शाल घातली आणि करंगळीचा किस्सा पुन्हा सांगितला.

हे लिहायला बसण्याआधी मी खोपोलीला बाईंच्या घरी गेलो. त्याही आता निवृत्त आहेत. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला त्या दिवशीच कळलं होतं, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर स्वतःला वाचवायला तुम्ही म्हणाला असता, मुलीने खोटं लिहिलंय. मग तिला चारचौघांत उभं करून खरं-खोटं केलं असतं." चहाचा कप पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? तिच्या आईला सांगा."

ती आई अजून कंपनीत जाते. सकाळी मी नाक्यावर जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. तिने ओळखलं. "सर ना तुमी? बसा की." मी उभ्यानेच सांगितलं, पानं कुणी दिली ते. तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आमी बाईंनाच बोल लावला तवा," ती म्हणाली. "तरी त्या घरी आल्या. पोरीला खोपोलीच्या शाळंत घातली. माझ्याच गाडीतनं यायची सकाळी. आता नर्स हाय पनवेलला. बाईंना दर दिवाळीला जाऊन भेटते."

मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याआधी जे वाटलं ते लिहून ठेवतो, कारण त्यासाठीच बसलो आहे. मला पुन्हा बाईंचा हेवा वाटला. सत्तरी उलटल्यावर, माझ्याच पापाची फेड दुसऱ्या कुणीतरी करून टाकली म्हणून हेवा. मी पटावरून नाव कमी करत होतो तेव्हा त्या तिच्या दारात उभ्या होत्या. या वेळी तर अकरा दिवसांचाही प्रश्न नव्हता. मी निघालोच नव्हतो.

"शाळेच्या पुस्तकात हे लिहू का?" मी विचारलं.

"लिवा. माझं नाव नका घालू."

"नाही घालणार."

कंपनीची गाडी आली. पायरीवर चढून ती वळली. "मागच्या टायमाला बी घातलं नव्हतंच तुमी," ती म्हणाली. "पट्टी लावली होती ना?"

या लेखातही कुणाचंच नाव नाही, पण नाव झाकून गावात माणूस झाकत नाही, म्हणून दोषी मात्र मीच ओळखू यावा, एवढी काळजी घेतली आहे. लिहून झालं ते सगळं काल नाक्यावर तिला वाचून दाखवलं. डब्याचं आहे तसंच राहू दे म्हणाली, तेव्हाच ते ठेवलं. स्मरणिकेत लेखाबरोबर लेखकाचा फोटो छापतात. मुख्याध्यापकांना विनंती आहे की लेख छापणार असाल तर पूर्ण छापा, आणि माझा फोटो गाळू नका.