वेंडेल ओस्टबीच्या तांब्याच्या गोळ्या

वेंडेल ओस्टबीने लाकडाच्या गिरणीत तेहतीस वर्षं करवतीच्या पात्यांना धार लावली. दात केसभर तिरका झाला तरी अख्खी फळी नासायची, म्हणून गिरणीत सगळे त्याच्या हाताला मानायचे. गिरणी बंद पडल्यावर ती बारकाईची सवय त्याने काडतुसांकडे वळवली. वापरलेली पितळी पुंगळी घासून साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, बंदुकीची दारू तोलून आत ओतायची आणि वर गोळी दाबून बसवायची. बिटररूटच्या खोऱ्यात निम्म्या घरांतला हिवाळ्याचा फ्रीजर एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, मांसाने भरायचा, आणि त्यातले बरेचसे एल्क वेंडेलने भरलेल्या काडतुसांनी पडलेले असायचे.

एका नोव्हेंबरात त्याने डोंगरावर एल्क पाडला. मांस खाली आणलं, कोथळा रिवाजाप्रमाणे तिथंच टाकला. तिसऱ्या दिवशी विसरलेली दोरी आणायला तो परत वर गेला, तर कोथळ्यापासून वीस पावलांवर एक सोनेरी गरुड जमिनीवर बसलेला. माणूस जवळ आला तरी उडेना. मान खाली लोंबलेली, चोचीतून हिरवी लाळ गळत होती.

जखमी पक्षी सांभाळणाऱ्या टेस किपलिंगरला त्याने फोन लावला.

"कोट टाक त्याच्यावर आणि पाय धरून ठेव," ती म्हणाली. "चोचीला नको भिऊस, नखांना भी."

टेसने एक्स-रे काढला. गरुडाच्या पोटात मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके होते.

"शिसं आहे," टेस म्हणाली. "गोळी हाडावर फुटते आणि तिचे कण हातभर पसरतात. कोथळ्याबरोबर ते गरुडाच्या पोटात जातात. तू कुठली वापरतोस?"

"शिशाचीच. सगळेच वापरतात."

 चौथ्या दिवशी गरुड मेला.

घरी आल्यावर वेंडेल जेवायला बसला, पण घास उचलेना. त्याची बायको आयोन म्हणाली, "एका पक्ष्यासाठी एवढं?"

"एका नाही गं. पन्नास वर्षं मी कोथळे टाकत आलोय त्या डोंगरावर."

तो हिवाळा त्याने गॅरेजमध्ये काढला. शिशाऐवजी अखंड तांब्याची गोळी घ्यायची, जी फुटत नाही, नुसती फुलासारखी उमलते. पण तांबं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती पुंगळीत खोल जाते आणि दारूची जागा खाते. जुनी मापं एकही लागू पडेना. कधी गोळ्या निशाण्याच्या कागदावर ताटाएवढ्या पसरायच्या, कधी पुंगळी नळीत चिकटून बसायची. गोळी नळीच्या आतल्या पिळदार आट्यांपासून जराशी मागं बसवली तर नेम सुधारतो, हे कळायलाच फेब्रुवारी उजाडला. एप्रिलमध्ये शंभर यार्डांवर तीन गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. तेव्हा त्याने आयोनला हाक मारून तो कागद दाखवला. तिने तो फ्रीजच्या दारावर लावला.

मग त्याने खोऱ्यात सांगायला सुरुवात केली, ज्याला तांब्याच्या गोळीची काडतुसं हवीत त्याने रायफल घेऊन यावं, मी फुकट भरून देतो. लोक हसले.

"आता गरुडांना विचारून शिकार करायची का रे?" पण वेंडेलचा हात माहीत होता, त्यामुळे त्या वर्षी चौदा जण आले. पहिला आला क्लाइड रिबाक, आयोनचा भाऊ. चाळीस वर्षं शिकारीच्या मोसमात दोघं एकाच तंबूत झोपलेले.

"मला जरा हलकी भर," क्लाइड म्हणाला. "खांद्याचं ऑपरेशन झालंय, धक्का सोसत नाही."

क्लाइडची रायफल जुनी, आखूड नळीची. मुळातच तिची गोळी सावकाश जायची. तांब्याची गोळी वेगाशिवाय उमलत नाही, हे वेंडेलला पुरतं ठाऊक होतं. तरी मेव्हण्याचा खांदा बघून त्याने दारू थोडी कमी केली.

"हे बघ, दीडशे यार्डाच्या पुढे बार टाकायचा नाही."

"अरे, मला शिकवतोस?"

मोसमाच्या दुसऱ्या सकाळी क्लाइडने एका एल्क मादीवर बार टाकला. अंतर तीनशेच्या वर होतं. मादी दचकली, पाठ वाकवून चालत झाडीत शिरली. तो आणि वेंडेल दिवसभर रक्ताच्या थेंबांमागं फिरले. बारीक थेंब, सुई टोचल्यासारखे. दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ सुरू झालं आणि थेंबही बुजले. क्लाइड ओंडक्यावर बसून रडला. चाळीस वर्षांत त्याचं एकही जनावर असं गेलं नव्हतं.

मग गावातल्या दारूच्या बारमध्ये तो बोलला. "वेंडेलची गोळी आरपार गेली रे, तारेसारखी. उमललीच नाही."

वेंडेलला एवढंच म्हणायचं होतं की तू तीनशेवरून मारलंस. ते खरंही होतं. पण घरी पलंगाच्या कडेवर बसून तो आयोनला म्हणाला, "दारू मी कमी केली होती. शंभरावरही उमलली असती की नाही, मी तपासलं नव्हतं."

"मग गप्प बस," आयोन म्हणाली. "चूक क्लाइडचीच आहे. तुझं सगळं काम बुडवशील."

वेंडेलला गप्प बसवेना. रविवारी चर्चनंतर, चार लोकांसमोर, त्याने क्लाइडला सांगितलं, "त्यात माझीही चूक आहे. तुझी काडतुसं मी जास्तच हलकी भरली. न तपासता दिली."

 क्लाइडचा चेहरा सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. "बघा," तो बाकीच्यांना म्हणाला, "तो स्वतःच सांगतोय."

गोष्ट खोऱ्यात पसरली, पण त्यातला खांदा गेला आणि अंतरही गेलं. उरलं एवढंच की तांब्याच्या गोळीने जनावर मरत नाही, वेंडेलनेच कबूल केलंय. कॉफीच्या डब्यांतून, बुटांच्या खोक्यांतून काडतुसं परत येऊ लागली. काही जण समोर येऊन देत, डोळे चुकवत. बहुतेक जण ओसरीवर ठेवून जात. त्यांच्या रायफलींची काडतुसं चांगली होती, प्रत्येकाच्या मापाची दोन-चार त्याने स्वतः झाडून पाहिली होती. तो घरोघरी सांगायला गेला. लोकांनी कॉफी दिली, केक दिला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली.

ऑगस्टमध्ये क्लाइड गॅरेजमध्ये आला. राग कधीच मावळला होता. "माझी जुनी शिशाची भरून दे ना. तुझ्या हाताची सर दुकानच्या मालाला नाही."

"शिशाची मी भरत नाही आता, क्लाइड."

"माझ्यासाठी पण नाही?"

"नाही."

"बरं," क्लाइड म्हणाला. आवाज चढला नाही. "दुकानातून घेईन." दारात थांबून त्याने विचारलं, "यंदा तंबूचं काय?"

वेंडेलने पुढची पुंगळी घासायला घेतली. क्लाइड त्या वर्षी पुतण्यांबरोबर गेला. वेंडेल एकटा वर गेला. पहाटेपासून समोरच्या तिन्ही उतारांवरून बार ऐकू येत होते. त्याने मोजायचं सोडून दिलं, आणि रिकाम्या हाताने परतला.

त्या हिवाळ्यात टेसकडे नऊ गरुड आले. दोन वाचले. वसंतात तिने पिंजरे बंद केले आणि बहिणीकडे ओरेगनला निघून गेली. जाताना वेंडेलला म्हणाली, "तू बोलला नसतास तर बरं झालं असतं." आणि लगेच, "नाही रे, तसं नाही म्हणायचं मला."

परत आलेली काडतुसं वेंडेलने खोलायला घेतली. प्रत्येक काडतूस आपापल्या रायफलीच्या मापाचं, दुसरीत घातलं तर धोका. तो यंत्राच्या दांड्याने गोळी ओढून काढी, दारू वेगळी, पुंगळी वेगळी. आयोन जेवायला बोलवायला आली तेव्हा त्याच्यापुढे पहिला डबाही संपला नव्हता.

"असू दे की तशीच," ती म्हणाली.

"कुणीतरी चुकीच्या रायफलीत घालेल," वेंडेल म्हणाला, आणि पुढचं काडतूस उचललं.