घरातली तोंडी परीक्षा

मुलगी अडीच वर्षांची झाली आणि सोसायटीतल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मला कळलं, की तिच्या भाषाविकासाचं वय हातातून निसटत चाललं आहे. दादरच्या एका हॉलमध्ये कार्यशाळा होती, तिथे गेलो. कार्यशाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलांशी दिवसभर बोला. मी वहीत ‘बोला’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि घरी येऊन प्रश्न विचारायला लागलो.

माझाही इलाज नव्हता. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. फाइलीत जे लिहिलेलं आहे, तेच समोरच्या माणसाला विचारायचं आणि तो कुठे चुकतो ते बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. बोलणं म्हणजे हेच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मग काय, हा रंग कोणता, कावळा कसा ओरडतो, हत्तीला पाय किती! रविवारी तिला कडेवर घेऊन दादरच्या भाजीबाजारात मी टोपलीटोपलीपाशी थांबायचो.

“हे काय आहे?” मी एकदा विचारलं.

“दुधी हाय,” भाजीवाली म्हणाली. “साहेबांनी कधी बघितला नाय काय?”

मुलगी खळखळून हसली. मला मात्र भाजीवालीचा राग आला. तिने पेपर फोडला होता.

सहा महिन्यांत मुलगी पडवळसुद्धा ओळखायला लागली. मी ग्रुपवर व्हिडिओ टाकला, त्यावर अंगठे आले. एकच गोष्ट मी तिथे सांगितली नाही. माझ्याशी ती एका शब्दापलीकडे बोलेनाशी झाली होती. ‘लाल.’ ‘चार.’ ‘काव काव.’ उत्तर दिलं की मांडीवरून उतरून चालू पडायची. आईच्या कुशीत तासतासभर कुजबुज चालायची आणि मी खोलीत शिरलो की ती बंद. मला ते फार लागायचं.

“तू आलास की ती ताठ बसते,” बायको म्हणाली. “बघ जरा.”

“एकाग्रता वाढतेय तिची,” मी म्हटलं.

आमची परळची चाळ जाऊन तिथे टॉवर झालाय. त्याच्या लिफ्टमध्ये मालवणकडचे एक काका स्टुलावर बसलेले असतात. एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर लिफ्ट वर जायला खालीच दार उघडून उभी होती. आत बायको, तिच्या कडेवर मुलगी, आणि मुलीच्या तोंडाचा पट्टा सुरू. “आणि मग ना, आई टेबलावरच चढली! आणि ओरडली! आणि मी नाही घाबरले!” इतकी वाक्यं मी तिच्या तोंडून सहा महिन्यांत ऐकली नव्हती.

“अगो बाय माझ्या!” काकांनी डोळे मोठे केले. “मगे काय झाला?”

तेवढ्यात तिने मला पाहिलं. चेहरा सरळ झाला, हात खाली आले. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तर तीच म्हणाली, “हिरवा.”

माझ्या शर्टाचा रंग.

काका हसले. बायको हसली नाही. अकराव्या मजल्यापर्यंत मी लिफ्टची बटणं बघत उभा राहिलो. मला लाज वाटत होती आणि पोटच्या पोरीशी बोलायचं कसं, हे कोणाला विचारावं तेही कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी तिच्याजवळ फरशीवर बसलो. ती लगेच ताठ झाली.

“आई टेबलावर का चढली होती गं?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुला माहीत नाही?”

“नाही.”

“खरंच?”

“खरंच नाही माहीत.”

आधी तिचा विश्वासच बसेना. मग तिला माझी चक्क दया आली. मांडीवर चढून तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, “थांब हं बाबा, मी सांगते तुला.”