उसनी विहीर

अम्मानच्या वहदात या निर्वासितांच्या छावणीत सुबही पिंजाऱ्याच्या हातची गादी नाही, असं घर शोधूनच काढावं लागेल. लोकर पिंजता पिंजता तो सीमेपलीकडच्या आपल्या बैत नुआर गावाच्या गोष्टी सांगायचा. लढाईत गाव सुटलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आता त्रेसष्ट. गाव पाहिलेले बाकीचे एकेक करून गेले. त्यामुळे सुबही म्हणेल ते खरं, अशी त्याची पत झाली होती, आणि तीच आता त्याच्या गळ्याशी आली.

त्या उन्हाळ्यात रेडिओवर निर्वासितांबाबतच्या वाटाघाटींच्या बातम्या होत्या. गावकऱ्यांनी बैठकीच्या खोलीत गावाचा नकाशा पसरला होता. कुणाचं काय होतं ते लिहायचं, म्हणजे मागता येईल.

"भरपाई देत असतील तर घ्यावी आणि मोकळं व्हावं," सुबहीचा थोरला, मामून म्हणाला.

"भरपाई घेतली म्हणजे विकलं!" गाव सुटलं तेव्हा कडेवर असलेला हाज अतिया उसळला. "आम्हाला परत जायचंय. बापाची जमीन विकतोस, लाज नाही वाटत?"

"बापाने पाहिलीय, मी कुठे पाहिलीय?"

"मग बापालाच विचारू. सुबही, खालची विहीर तुमचीच ना? शुक्रवारी सह्या आहेत."

सुबहीने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, त्याचं त्यालाच कळलं नाही.

विहीर त्यांची नव्हतीच. दुष्काळात शेजाऱ्याने एका हंगामापुरती वापरायला दिली होती. सुबहीचा बाप ती परत करायलाच तयार नव्हता, आणि त्यावरून भांडण पेटलं असतानाच गाव सुटलं. पुढे पोरांना रमवताना सुबहीच्या तोंडून "आपली विहीर" असं निघालं आणि तेच रूढ झालं. शेजाऱ्याचा नातू फवाझ याच छावणीत चपला शिवायचा. सही केली तर चोरी पक्की होणार होती, आणि खरं बोललं तर मेलेला बाप चोर ठरणार होता. सुबहीला अन्न गोड लागेना.

गुरुवारी दुपारी तो एकटाच फवाझच्या घरी गेला. फवाझने कडू कॉफीचा कप पुढे केला. सुबहीने तो घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला.

फवाझचा चेहरा उतरला. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफी पीत नाही, आणि असं मागणं बहुधा एकच असतं.

"काका, माझी पोरगी अजून शाळेत जाते हो!"

"पोरगी नकोय रे बाबा! माफी हवीय." सुबही म्हणाला. "विहीर तुमची. माझ्या बापाने दाबली, मी खोटं बोलत राहिलो. उद्या सगळ्यांसमोर तुझं नाव लिहायला सांगतो. तू फक्त माफ कर."

फवाझने कपाकडे पाहिलं.

"आजोबा मरेपर्यंत त्या पाण्याची चव सांगायचे," तो म्हणाला. "नाव लिहा. पण माफी इथे नाही, काका. विहिरीच्या काठावर देईन. तोवर जगायचं."

सुबही उठला. कप भरलेलाच राहिला.

तो कशासाठी गेला होता ते नझमियाला ठाऊक होतं. घरी तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघून घाबरतच विचारलं, "कॉफी घेतलीत का?"

"नाही," तो म्हणाला. "आता बैत नुआरलाच घ्यायची."