डाव्या पायाचा ऍक्सिलरेटर

मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनातल्या नव्या घरांमधल्या निम्म्या मराठी माणसांना सुचित्राने गाडी शिकवली आहे. पुण्यात वर्षानुवर्षं गाडी हाणलेले इंजिनिअर इथल्या ड्राइव्ह टेस्टला नापास होतात आणि पडेल चेहऱ्याने तिच्याकडे येतात. "पहिली गोष्ट," ती सांगते, "या गाडीला हॉर्न नाहीये असं समज. दुसरी, कोणी जागा दिली की हात वर कर. भांडायला नाही, थँक यू म्हणायला."

ती स्वतः इथे हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आली होती. शिकली, किचनमध्ये कांदे चिरले, मग टॅक्सी चालवली, आणि टॅक्सीत बसणाऱ्यांना उपदेश करता करता तिच्या लक्षात आलं की आपल्याला चालवण्यापेक्षा शिकवायला जास्त आवडतं. नवरा शैलेंद्र आयटीत, मुलगी मिताली युनिव्हर्सिटीत.

तिच्या गाडीत एक जादा पेडल आहे. मधुमेहाने उजवा पाय गेलेल्या दत्तात्रयकाकांसाठी तिने डाव्या पायाने दाबायचा ऍक्सिलरेटर बसवून घेतला होता. काका पास झाले आणि सिडनीला गिरावीनमध्ये लेकीकडे राहायला गेले. पेडल राहिलं. शैलेंद्रच्या बुटाला ते दर वेळी अडकायचं.

"काढून टाक ना ते!"

"राहू दे. लागेल कोणाला तरी."

आणि लागलंच. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतून निहारिका नावाच्या मुलीचा फोन आला. वेरिबीत एक बाई आहे, उजवा पाय गुडघ्याखाली नाही, डॉक्टरी तपासण्या सगळ्या झाल्यात, फक्त तशी गाडी असलेला शिक्षक मिळत नाहीये.

गाडीच्या दाराशी आली ती ठेंगणी, चाळिशीची, हसऱ्या डोळ्यांची बाई. हातात भला मोठा फ्लॉवर. तो तिने आधी सुचित्राच्या मांडीवर ठेवला आणि मग स्टिअरिंगमागे बसली.

"नाव काय तुझं?"

"नॉ से वाह."

"सेवा? अगं, हे तर आमच्याकडचं नाव!"

"मग तेच म्हणा," ती इंग्रजीत म्हणाली. दोघींचं सगळं बोलणं इंग्रजीतच चालायचं, एकीचं पुणेरी वळणाचं, दुसरीचं मोजक्या शब्दांचं. "नॉ म्हणजे मिसेससारखं. आणि मी तुम्हाला थारामू म्हणणार. आमच्या भाषेत शिकवणाऱ्या बाईंना तसं म्हणतात."

सेवा कॅरेन जमातीची होती, ब्रह्मदेशाच्या पूर्वेकडच्या डोंगरातली. लढाईत गाव जळलं, घरचे सगळे जंगलात राहिले, मग सीमा ओलांडून थायलंडच्या छावणीत. मुलं तिथेच जन्मली. तिथून ऑस्ट्रेलिया. आता वेरिबी साउथच्या भाजीच्या शेतावर ती कामाला होती. तिथे जायला बस नाही. शेजारणीची गाडी आली तर शिफ्ट, नाही तर घरी. म्हणून गाडी शिकायची होती.

शिकण्यात ती हुशार होती. डावा पाय इतका हलका की सुचित्रा शैलेंद्रला म्हणाली, "तुझ्या उजव्यापेक्षा बरा." अडचण आली ती भलतीकडेच.

वेरिबी साउथच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फ्लॉवर आणि कोबीची शेतं. मध्ये डांबराची पट्टी, कडेला वाळलेलं उंच गवत. सुचित्रा म्हणाली, "डावा इंडिकेटर दे आणि गाडी गवतावर बाजूला घे."

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"सेवा, बाजूला!"

"नाही."

"अगं, मागे ट्रक आहे!"

"गवतात नाही."

ट्रकवाला हॉर्न वाजवत वळसा घालून गेला. सुचित्राने कशीबशी गाडी पुढे न्यायला लावली आणि एका शेताच्या फाटकापाशी काँक्रीटवर थांबवली. मग ती कडाडली. "धडक बसली असती! एवढं घाबरायचं काय त्यात? साधं गवत आहे!"

सेवाचे हात स्टिअरिंगवरून सुटले नव्हते. "माझा पाय साध्या गवतातच गेला, थारामू."

मग तिने सांगितलं. बांबूचे कोंब आणायला निघाली होती. रोजची पायवाट. समोरून म्हैस आली, म्हणून ती एक पाऊल बाजूला झाली. तिथे सुरुंग होता. "कोणी पेरला, कोणासाठी पेरला, काय माहीत. पेरणारा निघून जातो. सुरुंग तिथेच राहतो." इथे येऊन इतकी वर्षं झाली होती. मुलं बागेत फुटबॉल खेळायची आणि ही सिमेंटवरच्या बाकड्यावरून बघायची. स्वतःच्या मागच्या अंगणातल्या हिरवळीवर तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

नुसतं ऐकून घेणं सुचित्राच्या स्वभावात नाही. पुढच्या तासाला तिने त्याच रस्त्यावर गाडी फाटकापाशी उभी करायला लावली, खाली उतरली, पिवळंधमक जाकीट घातलं आणि सरळ गवतात शिरली.

"बघ! काही नाही इथे!" म्हणत तिने एकटीनेच फुगडीसारखी गिरकी घेतली, दोन उड्या मारल्या.

"थांबा! हलू नका!"

तो आवाज सेवाचा आहे हेच सुचित्राला क्षणभर कळलं नाही. ती होती तशी थिजली, एक पाय वर. सेवा गाडीतून उतरून डांबराच्या काठावर उभी होती, पांढरीफटक.

"वळू नका. जिथे पाऊल टाकलंत तिथेच मागे टाका. हळू."

सुचित्रा तशीच आली, आपल्याच पावलांवर, एकेक करत. हाताशी आल्यावर सेवाने तिचं मनगट घट्ट धरलं आणि डांबरावर ओढून घेतलं.

"आमच्याकडे सैनिक गावातल्या माणसांना पुढे चालायला लावायचे," ती म्हणाली. "वाट मोकळी आहे का ते कळावं म्हणून. माझ्यासाठी पुढे कोणी चालायचं नाही. कधीच नाही."

"सॉरी," सुचित्रा म्हणाली.

शेतातून ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडला, "सगळं ठीक ना, लेडीज?"

सेवाने त्याच्याकडे पाहिलं, मग सुचित्राकडे. तिच्या पँटला वरपासून खालपर्यंत कुसळं चिकटली होती. सेवाच्या ओठाचा कोपरा हलला. "तुम्ही एका पायावर उभ्या होतात," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारख्या." आणि तिला हसू आवरेना. सुचित्रालाही. दोघी फाटकाला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

तेवढ्यात तो ट्रॅक्टर गवत तुडवत रस्त्यावर आला आणि निघून गेला. मागे चाकांचे दोन सपाट पट्टे राहिले. सेवा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"यावरून जाईन," ती म्हणाली. "मी ठरवलं म्हणून. तुम्ही शेजारी बसा. काही बोलू नका."

न बोलणं ही सुचित्राच्या आयुष्यातली सर्वांत अवघड परीक्षा होती. गोगलगायीच्या गतीने गाडीची डावी चाकं त्या पट्ट्यावर उतरली. थांबली. सेवाने हँडब्रेक लावला आणि मोठा श्वास सोडला. त्यानंतर दर आठवड्याला ती स्वतःच जागा निवडायची. आधी ताज्या खुणा, मग जुन्या, मग पुसट. एका दुपारी ती जिथे थांबली तिथे खूण अशी नव्हतीच.

पहिल्या टेस्टला ती नापास झाली, कारण अगदीच साधं. साठच्या रस्त्यावर चाळीसने गेली. "आमचे पुण्याचे लोक उलट्या कारणाने नापास होतात," सुचित्राने समजूत घातली. दुसऱ्या खेपेला पास. त्या दिवशी सेवाच्या घरी मोठी जेवणावळ झाली. सुचित्राने तिखट चटणी दोनदा मागून घेतली आणि पाणी चारदा.

जेवणानंतर सेवाने कपाटातून आपला पहिला कृत्रिम पाय काढून दाखवला. सीमेवरच्या एका छोट्या कारखान्यात बनवलेला. बनवणाऱ्यालाही एकच पाय होता. "तिथे अजून रांग असते," ती म्हणाली. "लोक चिखलात, भाताच्या शेतात काम करतात. पाय झिजतात."

सुचित्राने तिथूनच दत्तात्रयकाकांना फोन लावला. "काका, तुमचे जुने पाय कुठे आहेत?"

"गराजमध्ये तीन पडलेत. फेकवत नाहीत, ठेववत नाहीत."

निहारिकाने चौकशी केली. असे पाय सुटे करून त्यांचे चांगले भाग तिकडे पाठवणारे लोक निघाले. काकांचं पार्सल आलं. मग काकांच्या ओळखीच्यांचं. मग मेलबर्नभरातून फोन. सुचित्राची डिकी भरली.

"आई, यू आर लिटरली स्मगलिंग लेग्ज!" मिताली म्हणाली, आणि संध्याकाळी स्वतःच आणखी दोन घेऊन आली.

एकदा दोघी पाय गोळा करून येत असताना टायर पंक्चर झाला. गस्तीवरचा एक तरुण पोलीस मदतीला थांबला आणि जॅक काढायला त्याने डिकी उघडली. आत पायच पाय. काहींना मोजे, एकाला चकचकीत काळा बूट. तो बघतच राहिला.

"मेट," तो सावकाश म्हणाला, "मला काही सांगायचंय का तुम्हाला?"

सेवाने पँटचा पाय वर केला आणि आपल्या नडगीवर टकटक केलं. "यातला एकही माझा नाही. माझा इथे आहे."

पोलीस इतका हसला की जॅक त्याच्या हातातून पडला. टायर बदलून देताना त्याने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि सुचित्राचा नंबर घेतला. त्याच्या आजोबांकडे एक जादाचा होता.

पायांची पहिली खोकी तिकडे पाठवणाऱ्यांच्या गोदामात पोचवायची होती तेव्हा सेवाने स्वतःची सेकंडहँड गाडी काढली. डाव्या पायाचा ऍक्सिलरेटर तिनेही बसवून घेतला होता. मागच्या सीटवर खोकी, पुढे दोघी. फ्रीवेला लागल्यावर सुचित्राने सवयीने पायाखाली शिक्षकाचा जादा ब्रेक शोधला. तो अर्थातच नव्हता. सेवा ठीक शंभरच्या वेगाने, आपल्या लेनमध्ये, गुणगुणत चालली होती. सुचित्राने थोडा वेळ आरशांकडे लक्ष ठेवलं. मग सीट मागे कलती केली, ओढणी तोंडावर घेतली, आणि गोदाम येईपर्यंत मस्त झोपली.